मडगार्ड, गंज आणि काळे वरण

“बाबा म्हणाले, ‘गंज काढा’, आणि आमचे मामा स्वयंपाकघरात जाऊन खरोखरच गंज काढून घेऊन आले! त्या दिवशी सगळ्या घराला लोखंडी कढईतलं काळं वरण खावं लागलं, ते वेगळंच.”

ही हकीकत माझा पुण्याचा भाचा दर लग्नाच्या पंगतीत सांगतो. प्रसंग घडला तेव्हा तो जन्मलाही नव्हता, ही अडचण त्याला अद्याप जाणवलेली नाही. ज्यांना आमची बोली ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो की वऱ्हाडात गंज म्हणजे वरणभात शिजवायचे पातेले. लोखंडाला चढतो त्याला आम्ही जंग म्हणतो. पुणेकरांचा गंज लोखंडावर असतो, आमचा चुलीवर. या एका शब्दावर माझी अब्रू पन्नास वर्षे टांगलेली आहे. ती आज खाली उतरवतो.

वऱ्हाडाचा कारभार नागपुराहून चालत असे, त्या काळातली गोष्ट. अकोल्याच्या एका कापसाच्या जिनाच्या साहेबाने वापरून टाकलेली मोटार वडिलांनी घेतली होती. अमरावतीला राजापेठेत आमच्या अंगणातल्या कडुनिंबाखाली तिने काही पावसाळे काढले आणि तिच्या डाव्या मडगार्डाची चाळणी झाली. पुढे अकोल्याला माझे साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरले. वडिलांनी जाहीर केले, “मोटारीनंच जाऊ. पण हे चाळणीवानी मडगार्ड घेऊन मी व्याह्याच्या दारात जात नाई.” मुलीकडच्यांना माझी पहिली ओळख ते मडगार्ड करून देणार होते. म्हणून दुरुस्तीचे काम मी हाती घेतले. सल्ल्याचे काम भाऊजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या पुणेकर यजमानांनी, ओसरीवरच्या आरामखुर्चीतून सांभाळले. त्या आठवड्यात त्यांचा हात कपबशीखेरीज कशालाही लागल्याचे मला स्मरत नाही.

विटेचा तुकडा आणि रॉकेल, आमचे मातीचे तेल, घेऊन मी दोन दिवस पत्रा घासला. सडलेला भाग कातरून टाकला. तेलाचाच रिकामा डबा उघडून त्याचे ठिगळ बेतले. पण डब्याचा पत्रा सपाट, आणि मडगार्डाला चांगले सुटलेले पोट. ठोकावे तिथे सुरकुती पडे. खाली धरायला तसेच पोट हवे, हे मला तिसऱ्या दिवशी सकाळी उमगले. हातातल्या पत्रा जोडायच्या रिबिटा ओठांत धरून मी स्वयंपाकघराकडे निघालो. नेमके त्याच क्षणी भाऊजी म्हणाले, “अहो मेहुणे, कडेला अजून थोडा गंज दिसतोय. तेवढा काढा.”

आणि मी गंज घेऊन बाहेर आलो.

“काहून रे बाप्पा,” आई माझ्यामागे धावत आली, “मोटारीत वरण शिजवून राहिला का?”

भाऊजी इतके हसले की बशीतला चहा धोतरावर सांडला. “मेहुणे, तुमच्या गावाला मोटार नको, शब्दकोश हवा!”

माझ्या ओठांत सहा रिबिटा होत्या. त्या काढून उत्तराची जुळवाजुळव करीपर्यंत हशा शेजारच्या विहिरीवर पोचला होता. मी गप्प राहिलो यावर भाचा फार भर देतो. मी रिबिटा गिळल्या नाहीत, एवढाच त्या मौनाचा अर्थ.

गंज उपडा घातला, ठिगळ त्यावर ठेवले आणि आईच्या धुण्याच्या मोगरीने हलके हलके ठोकत गेलो. पत्र्याने मुकाट्याने ते पोट घेतले. मग रिबिटा मारल्या, कडांना कथलाचा डाग देऊन फटी बुजवल्या, वर काळा रंग चढवला. आमची मोटार अकोल्यात शिरली तेव्हा डाव्या मडगार्डाकडे कोणीही पाहिले नाही; मडगार्डाला याहून मोठी प्रशस्ती मिळत नसते.

मात्र गोष्ट आमच्याआधी पोचली होती. भाऊजी आदल्या दिवशीच आगगाडीने गेले होते. फराळाची ताटली पुढे करीत मुलीच्या काकूंनी अत्यंत अदबीने विचारले, “ताटली पुरते ना जवाईबापू, का गंज काढू?” आणि दाराआडून जिचे हसू ऐकू आले, तिच्याशी मी आजतागायत संसार करतो आहे. फळीवरचे भांडे हवे असले की ती म्हणते, “तेवढा गंज काढून द्या जी. भांडं म्हून राहिली मी, भांडं.”

आता निकालाचे. लोखंड गंजते हे मी शाळेच्या पुस्तकात वाचले होते. पण माझा दावा मी शिक्षणावर टेकवत नाही, भाच्याच्याच साक्षीवर टेकवतो. भाऊजींना ओसरीवरून एक गंज दिसला, याबद्दल त्यांना दोष नाही. एकात एक बसवलेली भांडी दुरून एकच दिसतात. मडगार्डाला कोणते पोट जुळेल, हे लावून पाहिल्याखेरीज कळणार नव्हते. अखेर मधले जुळले. ऐकण्यात चुकलेला माणूस एक गंज आणतो. आमच्या घरात गंज तीन होते, आणि तरीही, भाचाच सांगतो, त्या दिवशी वरण कढईत शिजले.