खोडलेला स्वल्पविराम

माझ्या भजनांच्या नव्या कॅसेटमध्ये आठ गाणी आहेत. त्यातल्या सातांबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. ती मी लिहिली, बसवली, गायली. आठवं मात्र माझं आहे असं म्हणायला अजून जीभ रेटत नाही. आणि हे मी म्हणतोय, ज्याने आयुष्यभर 'ही चाल माझी, ती ओळ माझी' करत सगळं मुठीत आवळून धरलं.

मुळात मी संशयी माणूस. त्याला निमित्तही घडलं. माझी एक चाल, जेमतेम घरात आणि तालमीत वाजलेली, परक्या कॅसेटवर परक्याच्या नावाने बाजारात आली. तेव्हापासून मला जो तो चोर दिसू लागला. बबन माझ्यासोबत वर्षानुवर्षं तबला वाजवायचा, दिवाळीचा पहिला फराळ आमच्याकडे करायचा. त्याला मी तोंडावर विचारलं, "चाल तूच बाहेर दिलीस ना?" त्याने तबल्याला खोळ घातली आणि निघून गेला. गप्प बसला म्हणजे नक्कीच पाणी मुरतंय, असं मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही एक दिवस देवावरसुद्धा संशय घ्याल."

त्याच दिवसांत आठवं गाणं सुचलं. 'सांभाळ, मना, सांभाळ, येथ न कोणी आपुले.' मनाला बजावत होतो, बाबा रे, जपून राहा, इथे कोणाचा भरवसा नाही. सानपाड्याच्या आमच्या सोसायटीत दुपारी पेटी काढली की खालचे काका तक्रार घेऊन जिना चढून यायचे, म्हणून सरावाला शिरवणे गावातल्या देवीच्या देवळात जाऊ लागलो. तिथल्या भजनी मंडळाची पेटी देवळातच असे. दुपारी तिथे चिटपाखरू नसतं, म्हणजे चाल चोरायलाही कोणी नाही, हा माझा विचार.

पण चौथ्या दिवसापासून एक म्हातारी येऊन बसू लागली. सुपात तांदूळ घेऊन यायची, माझ्याकडे पाठ करून निवडत राहायची. मी गायला लागलो की तिचे हात थांबायचे. पुजाऱ्याकडे चौकशी केली तेव्हा तो कौतुकाने म्हणाला, "ती हिराआय. धवलारीन हाय आमच्या गावची. लग्नान धवले, म्हंजे लग्नाची गानी, तीच बोलते. एकदा आइकलेलं गानं कंदी इसरत नाय." वर हेही कळलं, की तिचा भाचा कॅसेटींच्या धंद्यात आहे. झालं! मी शब्द गिळून गाऊ लागलो, मधल्या ओळी उलटसुलट करू लागलो.

इकडे वाशीच्या स्टुडिओत सात गाणी पार पडली आणि आठवं अडलं. कॅसेटचं नाव त्याच गाण्यावरून ठेवलेलं. तीनदा गायलो, तिन्ही वेळा आवाज कोरडा, कडक. ध्वनिमुद्रण करणारा शेवटी म्हणाला, "दादा, टेन्शन नका घेऊ, पण तुमी भजन म्हणताय की कोणाला दम देताय?" शुक्रवारची एक वेळ उरली होती. तेव्हाही जमलं नसतं, तर कॅसेट निघणार नव्हती.

बुधवारी देवळात गेलो तर हिराआय नव्हती. मला हायसं वाटण्याऐवजी धसका बसला. काम झालं असणार तिचं! पुजाऱ्याकडून पत्ता घेऊन तरातरा तिच्या घराच्या दिशेने निघालो. गल्लीच्या तोंडाशीच माझी चाल कानावर आली. भिंतीला कान लावून मी उभा राहिलो, जणू चोर मीच. आत ती तीच एक ओळ पुन्हापुन्हा म्हणत होती. मी सरळ ओट्यावर चढलो. "हे गाणं कुठून आणलंत?"

तिने चमकून पाहिलं आणि हसली. "पेटीवाले? या, बसा. आननार कुठशी? तुमचंच हाय. रोज देवलान बसून देवीला बोलता, 'मना सांभाल, मना सांभाल.' माझा जीव तुटतो. घरान कोनी आजारी हाय का तुमच्या? आज पाय दुखतो म्हनून आली नाय, तर हितंच दिवा लावला. बोलली, आये, त्या पेटीवाल्याला सांभाल."

मी विचारलं, "मग माझ्याकडे पाठ करून का बसायचात?"

"देवीसमोर मानूस रडतंय, त्याचं तोंड काय बगायचं?"

त्या गावच्या बोलीत 'मना' म्हणजे 'मला'. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मासे घेताना 'मना परवडत नाय' रोज ऐकत होतो. पण स्वतःच्या ओळीत ते कधी ऐकू आलं नव्हतं. मी जगापासून सावध राहायला सांगत होतो; तिला मात्र एक निराधार माणूस देवीपाशी आसरा मागताना ऐकू येत होता. मला लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर रडूही आलं, कारण तिने ऐकलं तेच खरं होतं.

तिथून उठून बबनच्या दारात गेलो. हात जोडले आणि म्हटलं, "चुकलो. शुक्रवारी आठवं गाणं आहे, तबला तू वाजव." त्याने दार पूर्ण उघडलं. मग म्हणाला, "शुक्रवारी किती वाजता?"

शुक्रवारी गाणं पहिल्याच खेपेला झालं. याला कोणी चमत्कार म्हणावं की बोलीभाषेतला घोटाळा, यात मी पडत नाही. देवीने मला माझ्याच गाण्याचा अर्थ सांगायला एका धवलारणीला धाडलं, असं मी मानतो. मी तिला चोर समजत होतो आणि ती माझ्या नावाने दिवा लावत होती. यापुढे शहाणपण ते काय शिकवायचं राहिलं?

कॅसेटच्या कागदाचा छापण्याआधीचा नमुना तपासायला आला तेव्हा मी गाण्याचं एक अक्षरही बदललं नाही. फक्त पहिल्या 'सांभाळ'नंतरचा स्वल्पविराम खोडला; आता ओळ 'सांभाळ मना, सांभाळ' अशी झाली. छापखानेवाला म्हणाला, "साहेब, तो राहू द्या, नाहीतर लोक चुकीचं वाचतील."

मी म्हटलं, "वाचू द्या."