ढोल वाजला आन् माळढोक उडाला

कासारसाईच्या अलीकडं माळ हाय, तितं आमी फुटबॉल खेळायचो. मी तवा सातवीत. आमच्यात निम्मी पोरं धनगरवाड्यातली, म्हणून गोल झाला की देवापुढं करत्यात तसंच सगळं. ढोल वाजायचा, भंडारा उधळायचा आन् गोल मारणाऱ्याला खांद्यावर घ्यायचं. घरी आई माझे पिवळे कान बघून म्हणायची, "आज जिंकलं वाटतं गाढव."

बॉल आणला व्हता आमच्या गुरुजींनी. पुण्याचे. त्यांना पाखरांचा लई नाद. तीन वर्षं रोज सकाळी दुर्बीण घेऊन माळ तुडवायचे, एकाच पाखरासाठी. माळढोक. वाड्यातली म्हातारी माणसं म्हणायची, हाय, पण आता कवातरीच दिसतो. गुरुजींना दिसला न्हाई. एकदा ते म्हणले, "ढोल तेवढा नको रे, पाखरं बुजतात." तवापासून आमी नुसता भंडारा उधळायचो.

मंग त्यांची बदली झाली. सकाळच्या एस.टी.नं जायचे व्हते, आन् आदल्या दिवशी शेजारच्या नांदे गावच्या पोरांशी शेवटची मॅच. वाड्यातल्या एकानं गुपचूप ढोल आणून बाभळीमागं ठेवला.

"गुरुजींसाठी एकदाच वाजवू," तो म्हणला. "एवढ्यानं काय व्हतंय?"

मीच म्हणलं, "वाजव."

गोलबी मीच मारला. पोरांनी मला उचललं, आन् खांद्यावरनं वाळक्या गवतापलीकडचं दिसलं. तितं तो उभा. शेळीएवढा उंच, मान पांढरी, डोक्यावर काळी टोपी. दोन पावलं टाकली, थांबला. गुरुजींची पाठ त्याच्याकडं, तोंडात शिट्टी, हसत व्हते. मी हाक मारायला तोंड उघडलं. तेवढ्यात पोरांनी गुरुजींच्या डोक्यावर भंडारा वतला, त्यांनी डोळे मिटले, आन् ढोल वाजला.

पाखरू थोडं पळालं, जड पंख मारत उठलं, डोंगराकडं गेलं. गुरुजी डोळे चोळत म्हणले, "ढोल आणलात होय. चांगला वाजवता की."

पोरं नाचत व्हती. मी नुसता बसलो वर, पोत्यासारखा. काहीच वाटत नव्हतं. गोल मारलाय हेबी न्हाई.

अंधार पडायच्या आत त्यांच्या खोलीवर गेलो. ते ट्रंक भरत व्हते.

"गुरुजी, माळढोक व्हता."

"कधी?"

"ढोल वाजला तवा. तुमच्या मागं. ढोल वाजव म्हणून मीच सांगितलं व्हतं."

ते ट्रंकेवर बसले. रागावले न्हाईत. रागावले असते तर बरं झालं असतं असं आता वाटतं, तवा तेबी वाटलं न्हाई. मंग म्हणले, "चालला कसा?"

मी चालून दाखवलं. मान ताठ, पाय उचलायचा, थांबायचं, मंग ठेवायचा. अंगावरचा भंडारा फरशीवर सांडत व्हता.

"पुन्हा," गुरुजी म्हणले, आन् खिशातनं चष्मा काढून लावला.

दुसऱ्यांदा चाललो. चार पावलांत भिंत आली. गुरुजी उठले, दार पूर्ण उघडलं.

"अंगणात चाल," ते म्हणले. "इथं त्याला जागा पुरत नाही."

मी अंगणात गेलो. ते उंबऱ्यात उभे राहिले, पाखरू बुजंल म्हणून उभं ऱ्हावं तसे, हलले सुदिक न्हाईत.