सारवलेल्या भिंती

घर जाळलं बंदुकावाल्यांनी, आन् कागदावर गुन्हेगार ठरली माझी आई. कसं ते सांगते.

मोगलाईचं शेवटचं साल. चैतात बंदुकावाल्यांची टोळी गावात शिरली, तसे आमी पैनगंगेपल्याड वऱ्हाडात मामाकडं पळालो. फौज आली, मोगलाई बुडाली, मंग परतलो. बघतो तर घराला छप्पर न्हाई. तुळया अर्धवट जळून खाली पडलेल्या, भिंती पावसानं धुवूनबी काळ्याच.

तितक्यात नवरात्र आलं. आमच्यात घट बसवायच्या आधी घर सारवावंच लागतं. काजळीत देवी कशी बसवावी? आईनं चार दिवस भिंती खरवडल्या, पांढऱ्या मातीनं पोतारल्या. राख उकिरड्यावर नेली, जळक्या तुळया फोडून चुलीत घातल्या. पळसाच्या पानांनी एक कोपरा शाकारला. बाया म्हणायच्या, हात लई चांगला तुझा.

दसऱ्यानंतर गिरदावर साहेब घोड्यावर आला, पंचनामा करायला. मोगलाईत साऱ्याच्या वसुलीला यायचा तोच. टोपी तेवढी नवी. ज्याचं जळालं त्याला सरकार सागाच्या तुळया देणार, अशी दवंडी झालेली. थंडीच्या आत आमचं छप्पर व्हणार का न्हाई, ते त्याच्या हातात.

त्यानं भिंतीवर बोट फिरवलं. "जला कहाँ है? छप्पर पावसानं पडलं हे."

"पावसानं न्हाई, साहेब," बाबा म्हणाले.

"मंग जळक्या तुळया दाखव."

बाबांनी आईकडं पाहिलं. समोरच्या घरातले पिंजारी चाचा पुढं आले. "साहेब, आग मी डोळ्यानं पाहिली. कोणी लावली तेबी सांगतो, लिहा."

"तुमाला कोणी इचारलं? लावणाऱ्याचं काम माझ्याकडं न्हाई. मी नुकसान बघून राहिलो."

आई दाराआडून बोलली, "घट बसवायचे होते, साहेब."

"मंग देवीलाच मागा तुळया." संगचा शिपाई हसला.

साहेबानं लिहिलं आन् वाचून दाखवलं: घरच्या बाईने जळाल्याची निशाणी मिटवली, सबब नुकसान मंजूर नाही. जाळणाऱ्याचं नाव त्यात कुठंच न्हाई. बाबांनी अंगठा दिला.

"दादा, अंगठा काहून दिला?" चाचांनी इचारलं. बाबांनी अंगठ्याची शाई धोतराला पुसली.

ती थंडी आमी पळसाच्या पानांखाली काढली. त्या सगळ्या थंडीत बाबा आईसंग एक शब्द बोलले न्हाईत. साहेब गावात आला की मात्र उठून रामराम घालायचे.