भाट्याची खाडी आणि सुईवरचं बोट

हे आज दुसऱ्यांदा गेले.

सकाळी, खुर्चीत बसल्या बसल्या. या वेळी मी कुणाला हाक मारली नाही.

(पोस्ट नात टाइप करतेय. चूकभूल तिची.)

पहिल्यांदा गेले तेव्हा मी एकोणीस वर्षांची. लग्नाला सहा महिने. पन्नासच्या दशकातली गोष्ट. भाट्याच्या खाडीवर पूल नव्हता, रत्नागिरीला जायचं तर होडी.

नारळ काढताना हे माडावरून पडले. थेट कुंपणाच्या चिऱ्याच्या गडग्यावर, छातीवर.

मी धावत पोचले तेव्हा ओठ निळे. श्वास नाही.

माझी हाक ऐकून शेजारचे इस्माइलभाई पेटी घेऊन आले. लढाईत मिलिटरीच्या हॉस्पिटलात होते, नंतर गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर. मानेवर बोटं दाबली, छातीला कान लावला.

"नाडी नाय. बरगडी फुफ्फुसात घुसलीय. छातीत हवा कोंडलीय, ती काढतो."

पेटीतून सुई काढली. गुरांना टोचायची, जाडजूड.

मामंजी आडवे आले. "पोर गेलं माझं. आता विटंबना नको त्याची!"

इस्माइलभाई माझ्याकडे वळले. "बाय, गेलेल्या माणसाचं मी आणखी काय बिघडवणार? लवकर बोल."

मामंजींसमोर तोवर मी कधी तोंड उघडलं नव्हतं.

"टोचा," म्हटलं.

गळ्याच्या हाडाखाली सुई गेली.

फुस्स. सायकलची ट्यूब पंक्चर व्हावी तसं.

मग काहीच नाही.

न रडणाऱ्या बाळाला सुईण फुंकर देते ना, तशी त्यांनी यांच्या तोंडाला तोंड लावून फुंकर दिली. परत दिली. परत.

आणि हे कण्हले.

दाराची फळी काढून, तिच्यावर निजवून होडीत ठेवलं. इस्माइलभाईंनी डोकं धरलं. सुई छातीतच, ती सांभाळायला मी.

"श्वास आत घेतला की सुईच्या भोकावर बोट ठेव. सोडला की काढ. चुकू नको."

ठेव. काढ.
ठेव. काढ.

मध्येच होडी कलली. मी घाबरून बोट दाबूनच धरलं. यांचा चेहरा पुन्हा काळानिळा.

"बाय, बोट काढ!"

काढलं. पुन्हा फुस्स. पुन्हा श्वास.

हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, "बाई, सोडा आता."

हात सुटेना. आखडला होता. इस्माइलभाईंनी एकेक बोट हळूच सोडवलं. मग तिथेच भिंतीला टेकून ढसाढसा रडले.

तेही जाऊन किती वर्षं झाली.

आमची तिन्ही मुलं त्या दिवसानंतरची.

अहो, मुलं संध्याकाळपर्यंत पोचतायत. माझी काळजी नको.

सुखानं जा.