आत्याच्या दुखण्याला साक्षीदार

कॉलेजात प्रॅक्टिकल चालू असताना काकांचा, आत्याच्या यजमानांचा, फोन आला. "घरी ये. आत्या उठत नाहीये." हृदयविकाराचा झटका होता, हे नंतर कळलं. त्याला सहा आठवडे होतील. मला लिहायला जमेल की नाही, माहीत नाही... पण आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, म्हणून लिहिते आहे.

लातूरकडच्या गावातून शिकायला आले ती पहाडगंजला आत्याकडेच. तिचं अंग बारा महिने दुखायचं; खांदे, कंबर, मांड्या, तळवेसुद्धा. रिपोर्ट मात्र सगळे नॉर्मल. काका विचारायचे, "चलो, आज कुठला पार्ट?" ती हसायची आणि भिंत धरून पोळ्यांसाठी उठायची. एकदा वर्गात शिकवलं, की अशा सर्वांगदुखीच्या काही रुग्णांच्या आतड्यातले जिवाणू इतरांपेक्षा वेगळे आढळले आहेत. ते कारण की परिणाम, हे अजून नक्की नाही. मी तिला सांगितलं. "एवढं गाव वसलंय होय पोटात?" ती म्हणाली. "मग मास्तरीणबाई, त्यातला एक तरी माझ्या बाजूनं साक्ष देईल का?"

एका इस्पितळात असा अभ्यास चालू होता. तिचं नाव घातलं. सूचनांचा कागद इंग्रजीत, काका समोर बसलेले. शौचाचं सगळं मोठ्यानं कसं वाचायचं... मी एवढंच म्हणाले, "सकाळी डबीत भरायचं." 'नेहमीसारखं जेवा' ही ओळ मी गिळली. आत्यानं दोन दिवस नुसत्या ताकावर उपवास केला, वर इसबगोल. परक्याच्या हातात घाण कशी द्यायची, म्हणून! तिथल्या मॅडमनी चौकशी केली आणि उपवासाचं कळल्यावर नमुना घेतला नाही. "एक महीने बाद आइए, आंटी." दोन नव्या डब्या दिल्या, एक तिला, एक तुलनेसाठी काकांना. काका म्हणाले, "मला कुठे काय होतंय?" आत्या मला एका शब्दानं रागावली नाही; म्हणाली, "महिना काय, असा जाईल."

महिना पुरा झालाच नाही. शेजारीण सांगते, त्या सकाळी ती छाती चोळत होती. "रोज दुखतं म्हणायची," काका म्हणाले, "त्या दिवशीच काही बोलली नाही."

परवा काका स्वयंपाकघरात आपली डबी घेऊन बसले होते. "माझी दिली तर कळेल ना, तिचं खरंच दुखत होतं ते?" मी तो कागद काढला आणि मराठी करत सगळा वाचला, या वेळी मोठ्यानं. त्यात होतं, तुलनेला दोघांचेही नमुने लागतात; आत्याचा तर घेतलाच गेला नव्हता.

काकांनी डबी ओट्यावर ठेवली. मग म्हणाले, "पुन्हा वाच."