घोंगड्याचं ठिगळ

बहात्तरच्या दुष्काळाआधीची गोष्ट. आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी. मास्तरकी लागली तेव्हा वडिलांच्या धरलेल्या कमरेसाठी उत्तम गादी करायची म्हणून श्रीरामपूरच्या एका पिंजाऱ्याकडे गेलो. मापाला त्यांचं जुनं घोंगडं नेलं होतं.

त्याच्या भुवयांतसुद्धा कापूस अडकलेला होता. भाव सांगताना तो चिमूटभर कापूस ओढून त्याचा धागा करत राही. भाव ऐकून मी शिकलेल्या माणसाच्या आवाजात विचारलं, "एवढी महाग, तर टिकेल किती?"

"माझ्या गाद्या वीस-वीस वर्सं टिकत्यात, मास्तर. लोक त्यावर झोपतच न्हाईत. पाव्हन्यासाठी घडी घालून ठिवत्यात. तुमच्यात झोपनार कोन?"

"वडील."

"त्ये झोपत्याल?"

गादीचं नाव निघाल्यापासून वडील जावई कधी येणार ते विचारत होते.

चार दिवसांनी गादी न्यायला गेलो. नव्याकोऱ्या खोळीवर, बरोबर मधोमध, घोंगड्याचा हातभर तुकडा शिवलेला होता. मला न विचारता.

"आता दावा पाव्हन्याला देऊन," तो म्हणाला.

वडिलांनी त्याला भरपूर शिव्या दिल्या, असली गादी कुणापुढं टाकायची म्हणाले, आणि त्याच दुपारी तिच्यावर आडवे झाले. मग रोजच.

आठ वर्षांत गादी मधोमध दबली. पुन्हा पिंजायला नेली, तेव्हा त्यानं खळग्यावरून सावकाश हात फिरवला.

"झोपले म्हनायचे," तो म्हणाला.