श्री नसलेलं पत्र

फौजेतलं शेवटचं वर्ष मी परक्या देशात काढलं. तिथली यादवी नुकतीच थांबली होती आणि आम्ही निळ्या टोप्या घालून शांतता राखायला गेलो होतो. आमच्या बिलोलीकडं बांधावरून होते ती भाऊबंदकी तिकडं बंदुकांनी झाली होती, फरक एवढाच. परत आल्यावर डिस्चार्जसाठी मला रेजिमेंटच्या सेंटरच्या बराकीत ठेवलं. कागद काही पुढं सरकेनात. किट जमा झालं, ड्यूटी संपली, सोबतचे आपापल्या पलटणीत गेले. फौजेत रिकाम्या माणसाला कुत्रं विचारत नाही. खाटेवर बसून मी छताकडं बघायचो, आणि लई एकटं वाटायचं.

खिशात मोबाइल होता, पण आईला ऐकू येत नाही. फोनवर ती नुसतं "हाव, हाव" म्हणते आणि फोन शेजारणीच्या हातात देते. चौथी शिकलेली आहे, अक्षर लावून लावून वाचते. म्हणून मी पत्रं लिहायचो. वर श्री, खाली खुशाली, मधे लंगरातल्या, म्हणजे फौजी भटारखान्यातल्या, डाळीची निंदा. तिचं उत्तर दोन ओळींचं असायचं, पण यायचं.

एका दुपारी मला राहवलं नाही. तिकडं परक्या देशात आमच्या छावणीच्या तारेच्या कुंपणापाशी एक म्हातारी रोज मुलाचा फोटो घेऊन यायची. त्या मुलाचं प्रेत मीच उचलून गाडीत ठेवलं होतं. नावं जाहीर होईपर्यंत घरच्यांना काही सांगायचं नाही, असा हुकूम होता. मी तिला रोज चहा दिला. ते सगळं आईला लिहिलं. झोप लागत नाही, घरी यायची भीती वाटते, तुझ्या तोंडाकडं बघवेल की नाही, हेही लिहिलं. पत्र पेटीत टाकलं आणि त्या दिवशी पोटभर जेवलो.

उत्तर आलं नाही. डाक वाटणारा हवालदार मला बघून लांबूनच मान हलवायचा. आईला माझी किळस आली असेल, असं मनानं घेतलं. मीही पुन्हा लिहिलं नाही.

शेवटी कागद झाले आणि गावी पोचलो. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं, लगेच ताट वाढलं. जेवता जेवता मी तिच्या कानाशी ओरडलो, "माझं पत्र मिळालं न्हाई का?"

"आलं की. वर श्री नव्हतं."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आमच्याकडं मौतीच्या पत्रावर श्री लिहीत नाहीत. असं पत्र घरात आणत नाहीत, उंबऱ्याबाहेर वाचून तिथंच फाडतात. त्या दुपारी मी कागदावर थेट म्हातारीपासूनच सुरुवात केली होती.

"म्या वाचलंबी न्हाई," आई म्हणाली. "अक्षर तुजं हुतं, म्हंजी तू जिता हाईस. बाकी कोण गेलं ते मला काहून पाहिजे? दारातच फाडलं अन् आंघोळ केली. मौतीच्या पत्राला काय उत्तर धाडावं?"

तिनं माझ्या ताटात आणखी भाकर वाढली. मग हळूच म्हणाली, "कोण गेलं हुतं रं?"

शेजारीण दारात येऊन उभी होती. आईला काही सांगायचं तर अख्ख्या गल्लीला ऐकू जातं. मी तोंड तिच्या कानाशी नेलं.

"कुणी न्हाई," मी ओरडलो. "श्री लिव्हायचं राहून गेलं, एवढंच."

"हाव, हाव," आई म्हणाली.